कार्ड का मरतं? छोट्या कॉम्प्युटरसाठी भरवशाची साठवण

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, लेडीज होस्टेल)



प्रोजेक्टचे दिवस जवळ आले की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पाय बूट होत नाहीये गं, कार्ड गेलं वाटतं!" मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणते, "लोकल कार्ड असेल, ब्रँडेड घे." दुसरी म्हणते, "३२ चं नको, ६४ चं घे." तिसरी म्हणते, "क्लास टेन बघून घे." सगळे सल्ले खरेदीचे. कार्ड मेलं कशाने, हे मात्र कुणीच विचारत नाही. रोग न विचारता औषध देण्यातलाच हा प्रकार!

रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला. त्याला हार्ड डिस्क नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, आपला प्रोग्राम, जमवलेला डेटा, सगळं नखाएवढ्या कार्डावर. म्हणजे कार्ड गेलं की प्रोजेक्ट गेला. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे: साठवण दुकानात नाही, आधी वहीत निवडायची असते. रोज किती वेळा लिहिणार? लाइट कशी जाणार? कार्ड मेलंच तर किती वेळाचा डेटा गेलेला चालेल? या तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिहा, मग पैसे काढा. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे इंग्रजी शब्द जरा जास्त येतील. सांभाळून घ्या!)

कार्डाच्या पोटात काय असतं?

मेमरी कार्डात नँड फ्लॅश असते. तोशिबा कंपनीतले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली ती जगापुढे मांडली. फ्लॅशच्या प्रत्येक सेलमध्ये थोडा विद्युतभार कोंडलेला असतो. आपल्या होस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी भरलेली की रिकामी, एवढंच बघायचं असेल तर ती एक बिट. याला एसएलसी म्हणतात. त्याच टाकीवर आठ खुणा करून पाणी नेमकं कोणत्या खुणेवर आहे हे बघितलं, तर तीन बिट मावतात. ही टीएलसी. सोळा खुणा केल्या की चार बिट, म्हणजे क्यूएलसी. टाकी तेवढीच, खुणा मात्र जवळजवळ आल्या. थोडी गळती झाली की रीडिंग चुकणार.

प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना सेलचं इन्सुलेशन थोडं झिजतं. ढोबळ मानाने एसएलसी ५० हजार ते १ लाख वेळा, टीएलसी १ ते ३ हजार वेळा आणि क्यूएलसी काहीशे ते हजार वेळा पुसून लिहिता येते. आज बाजारातल्या साध्या कार्डात बहुधा टीएलसी किंवा क्यूएलसीच असते, आणि पाकिटावर ते लिहिलेलं नसतं.

दुसरी गंमत पुढे आहे. फ्लॅशवर लिहिता येतं 'पाना'एवढं, म्हणजे साधारण ४ ते १६ केबी. पण पुसता येतो फक्त अख्खा 'ब्लॉक', आणि तो काही एमबींचा असतो. आपल्या भुसावळच्या यार्डातलं उदाहरण घ्या. समजा असा नियम केला, की वॅगन एकेक करून भरायची, पण धुवायला मात्र अख्खा रेकच न्यायचा. मग एका वॅगनमधला माल बदलायचा तर बाकीच्या वॅगनमधला माल दुसऱ्या रेकमध्ये हलवावा लागेल. कार्डात हेच चालतं. आपण १०० बाइट लिहितो आणि कार्ड आतल्या आत त्याच्या कितीतरी पट लिहितं. याला राइट अॅम्प्लिफिकेशन म्हणतात.

ही हलवाहलव करायला कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. कोणता डेटा कुठे ठेवलाय याचा तक्ता तो सांभाळतो आणि सगळे ब्लॉक सारखे झिजतील असं बघतो. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका परिषदेत बनी हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका एसडी कार्डातल्या या प्रोसेसरवर स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवला होता! म्हणजे आपण ज्याला 'मेमरी' म्हणतो तो खरं तर एक कॉम्प्युटरच आहे. आणि चालू कॉम्प्युटरची वायर खेचली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

लाइट गेली की नेमकं काय होतं?

नुकसान तीन पातळ्यांवर होतं. पहिलं, फाइल सिस्टिमचं. पाय आपला डेटा ईएक्सटी-फोर या पद्धतीने ठेवतो. तिला जर्नल असतं, म्हणजे 'काय करणार आहे' याची आधी केलेली नोंद. त्यामुळे अर्धवट काम बहुतेक वेळा दुरुस्त होतं. दुसरं, कार्डातल्या तक्त्याचं. तो लिहिला जात असताना लाइट गेली तर कार्ड ओळखलंच जात नाही किंवा त्याची साइज भलतीच दिसते. तिथे आपलं जर्नल काही करू शकत नाही. तिसरं नुकसान सगळ्यात फसवं. एका सेलमध्ये दोन-तीन बिट असतात. आधी लिहिलेला जुना बिट आणि आत्ता लिहिला जाणारा नवा बिट एकाच टाकीत! नवा लिहिताना मध्येच वीज तुटली तर जुनाही बिघडू शकतो. म्हणजे ज्या फाइलला महिनाभर हातही लावला नाही, तीच खराब निघते. मग आपण म्हणतो, "मी तर काहीच केलं नव्हतं!"

दीपनगर इथून हाकेच्या अंतरावर असलं, तरी उन्हाळ्यात दहा खोल्यांचे कुलर एकदम चालू झाले की मजल्याचा एमसीबी पडतोच. त्यात वीज देणाऱ्यांचा काय दोष! म्हणून 'लाइट जाणार नाही' असं धरून प्रोजेक्ट करायचा नाही. 'लाइट जाणारच' असं धरूनच करायचा.

केळीच्या खोलीतला हिशोब

गेल्या वर्षी आमच्या सिनिअर्सच्या एका ग्रुपने सावद्याकडे एका केळीच्या व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये पाय बसवला होता. केळी पिकवताना खोलीचं तापमान साधारण १६ ते १८ अंश ठेवतात, आर्द्रता नव्वदच्या वर. तापमान रात्रीतून चढलं तर माल एकदम मऊ पडतो. एक लॉट असाच खराब झाला, तेव्हा काकांनी विचारलं, "कोणत्या रात्री गरम झालं, ते तुमच्या मशीनमध्ये बघा बरं." बघायला गेले तर पाय बूटच होईना. चार महिन्यांचं रेकॉर्ड गेलं. व्हायव्हा आठ दिवसांवर, आणि त्यांच्याकडे दाखवायला ग्राफ नाही. काकांचं नुकसान तर वेगळंच.

सगळे म्हणाले, कार्ड झिजलं. मी हिशोब करून पाहिला. त्यांचा प्रोग्राम दर सेकंदाला एक ओळ, म्हणजे साधारण १०० बाइट, लिहून लगेच कार्डावर उतरवत होता. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे खरा डेटा रोजचा फक्त ८.६४ एमबी. पण प्रत्येक वेळी अख्खं पान आणि जर्नलची नोंद मिळून १६ केबी लिहिले जातात असं धरलं, तर रोजचे झाले १.३८ जीबी. कार्डाच्या आतली हलवाहलव ५० पट धरली (छोट्या छोट्या लिखाणाला हा आकडा अशक्य नाही), तर रोजचे ६९ जीबी. कार्ड ३२ जीबीचं, १ हजार वेळा पुसता येणारं, म्हणजे एकूण ३२ हजार जीबी. भागाकार केला तर उत्तर येतं ४६० दिवस, साधारण १५ महिने.

कार्ड तर चार महिन्यांतच गेलं. म्हणजे हा गुन्हा नुसत्या झिजेचा दिसत नाही. त्या खोलीत कॉम्प्रेसर आहे. तो सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, लाइट जाते-येते, आणि पाय मोबाइलच्या चार्जरवर होता. पायला ५ व्होल्ट लागतात आणि साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली तो 'अंडरव्होल्टेज'ची ओरड करतो. आता दोन गोष्टी जोडून बघा. जो प्रोग्राम दर सेकंदाला लिहितो, त्याचं कार्ड जवळजवळ सतत कामात असतं. मग लाइट कधीही गेली तरी ती लिहिता लिहिताच जाणार!

आता प्रोग्राम थोडा बदला. रीडिंग दर सेकंदालाच घ्या, पण रॅममध्ये जमवा आणि पाच मिनिटांनी एकदम लिहा. ८६,४०० वेळांऐवजी २८८ वेळा. प्रत्येक वेळी ६४ केबी धरले तरी दिवसाचे १८.४ एमबी, पन्नास पटीने ०.९२ जीबी. कागदावर आयुष्य निघतं ९५ वर्षं! तेवढं कुणाला नको आहे. पण लाइट नेमकी लिहिताना जाण्याची शक्यता ३०० पटीने घटली, हे खरं महत्त्वाचं. बदल्यात काय गमावलं? जास्तीत जास्त पाच मिनिटांची रीडिंग. केळीच्या खोलीचं तापमान पाच मिनिटांत काही डोंगर चढत नाही. हा बदल एका रुपयाचाही नाही.

खैराट आणि टेस्ला

हा प्रश्न आपल्यालाच पडला असं नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट इथल्या छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांना दिले गेले. भारतातला हा त्यांचा पहिला प्रयोग. धूळ, पाऊस, विजेचा लपंडाव आणि लहान मुलांचे हात! म्हणून त्या लॅपटॉपला फिरणारी हार्ड डिस्क नव्हतीच. बोर्डावरच १ जीबी नँड फ्लॅश होती आणि तिच्यावर जेएफएफएस-टू नावाची फाइल सिस्टिम. फ्लॅश सारखी झिजावी याची काळजी ती स्वतः घेत असे. १ जीबी म्हणजे आज आपल्याला हसू येईल. पण तिथे जागेपेक्षा टिकणं महत्त्वाचं होतं, आणि निवड त्यावरूनच झाली होती.

उलट उदाहरण टेस्ला गाड्यांचं. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडीच्या टचस्क्रीनमागच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची ईएमएमसी फ्लॅश होती. तिची लिहिण्या-पुसण्याची मर्यादा पाच-सहा वर्षांच्या वापरात संपत होती. मग स्क्रीन बंद, आणि मागचा कॅमेराही बंद! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथे थेंबाथेंबाने तळं आटलं. एवढ्या महागड्या गाडीत हे होतं, तर आपल्या प्रोजेक्टचं काय घेऊन बसलात!

मे महिन्याचं काय?

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. साधी कार्डं सहसा ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, त्यामुळे नुसत्या उन्हाने कार्ड लगेच मरत नाही. पण बंद डब्यात, पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या प्रोसेसरशेजारी कार्ड असेल तर हवेपेक्षा ते कितीतरी गरम असतं. आणि उष्णता वाढली की 'टाकीची गळती' वाढते. जेडेकच्या मानकानुसार साध्या एसएसडीने, आयुष्य वापरून झाल्यावर, वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष डेटा धरून ठेवायचा असतो. आपल्या होस्टेलची खोली सुट्टीत ३० अंशांवर राहते का? म्हणून जुन्या, खूप वापरलेल्या कार्डावर प्रोजेक्ट ठेवून सुट्टीला घरी जाऊ नका. कॉपी घेऊन जा.

पर्याय कोणकोणते?

१. साधं मायक्रोएसडी कार्ड: लॅब, शिकणं, डेमो यासाठी उत्तम. जास्त जागेचं घ्या, कारण रिकामी जागा जास्त असली की झीज वाटली जाते.

२. हाय एन्ड्युरन्स कार्ड: सीसीटीव्ही आणि गाडीतल्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेलं. सतत लिहिणाऱ्या कामाला हेच घ्या. साध्या कार्डाच्या वॉरंटीत अनेक कंपन्या सततचं रेकॉर्डिंग धरत नाहीत, हेही बारीक अक्षरांत वाचा.

३. इंडस्ट्रियल कार्ड: आतली टीएलसी एका बिटसारखी वापरणारी कार्डं यात मिळतात. महाग, पण शेतात किंवा कारखान्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्या यंत्राला योग्य.

४. पेन ड्राइव्ह: दिसायला दणकट, आतून बऱ्याचदा कार्डासारखाच. बॅकअपला ठीक. मुख्य साठवण म्हणून यात काही विशेष फायदा नाही.

५. एसएसडी: पाय ४ ला यूएसबी ३ मधून लावता येते. पाय ५ ला पीसीआयई जोडणी आहे, त्यावर एम-टू बोर्ड लावून एनव्हीएमई एसएसडी बसते. २५० जीबीच्या अनेक एसएसडींवर १०० ते १५० टीबी लिखाणाची हमी असते, आणि 'स्मार्ट' माहितीतून तब्येतही कळते. साध्या कार्डाची तब्येत कळायला सहसा सोय नसते. डेटाबेस किंवा सर्व्हर असेल तर एसएसडीच. पण ती जास्त करंट खाते, त्यामुळे पॉवर सप्लाय चांगला हवा. आणि अचानक लाइट गेली तर स्वस्त एसएसडीही शेवटचं लिखाण विसरू शकते. ती काही अमृत पिऊन आलेली नाही.

६. ईएमएमसी: बोर्डावरच पक्की बसवलेली फ्लॅश. बीगलबोन ब्लॅक आणि पायच्या कम्प्युट मॉड्यूलमध्ये मिळते. कार्डाचे कॉन्टॅक्ट सैल होण्याचा प्रश्नच नाही. पण झिजली तर बदलता येत नाही, टेस्लाची गोष्ट आठवा.

७. ईईप्रॉम: आपण ई अँड टीसीवाले हिला विसरतोच! मोटर किती वेळा चालली, शेवटचा काउंट किती, एवढंच जपायचं असेल तर कार्ड कशाला? घड्याळासाठी आपण जे डीएस ३२३१ मॉड्यूल आणतो, त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर ४ केबीची ईईप्रॉम फुकट बसलेली असते. तिचं आयुष्य १० लाख वेळा लिहिण्याचं.

दुकानात गेल्यावर

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! काही बनावट कार्डं कॉम्प्युटरला १२८ जीबी सांगतात आणि आत असतात ८. आठ भरले की पुढचं लिखाण जुन्यावर जातं किंवा हवेत जातं. म्हणून नवीन कार्ड आणलं की पहिल्याच दिवशी पूर्ण भरून पुन्हा वाचून बघा. लिनक्सवर एफ-थ्री आणि विंडोजवर एचटू-टेस्ट-डब्ल्यू हे प्रोग्राम फुकट आहेत. रात्री लावून झोपा, सकाळी निकाल.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. पाकिटावर १७० एमबी लिहिलेलं असलं तरी पाय ४ चा स्लॉट ५० च्या वर जात नाही. 'क्लास टेन' म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी, व्हिडिओच्या कामाचं. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र इकडेतिकडे छोटं छोटं लिहिते. त्यासाठी 'ए-वन' खूण बघा. त्यात सेकंदाला किमान १,५०० वाचनं आणि ५०० लिखाणं होतात. आणि हे सगळे शिक्के वेगाचे आहेत, आयुष्याचा शिक्का त्यात एकही नाही!

घरी आणल्यावर

पॉवर सप्लाय पायसाठी बनवलेलाच वापरा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर. पाय ५ ला त्याच व्होल्टेजवर ५ अँपिअर. केबल जाड आणि आखूड. शक्य असेल तर छोटा बॅटरी बॅकअप लावा आणि लाइट गेल्याचा सिग्नल जीपीआयओ पिनला देऊन पाय व्यवस्थित शटडाउन होईल असं करा. बॅटरीला तासभर टिकायची गरज नाही, एक मिनिटही पुरे.

प्रोग्रामच्या आणि सिस्टिमच्या लॉग फाइली रॅममध्ये ठेवा. स्वॅप कार्डावर जातोय का, ते तपासा. जे यंत्र फक्त डिस्प्ले दाखवतं किंवा रिले चालवतं, त्याला रास्पी-कॉन्फिगमधून 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू करा. मग सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्ड फक्त वाचलं जातं. वायर खेचली तरी धोका फार कमी. मात्र रीस्टार्टनंतर लिहिलेलं पुसलं जातं, त्यामुळे डेटा ठेवायचा असेल तर त्याची जागा वेगळी ठेवा.

शेवटची गोष्ट म्हणजे बॅकअप. रोज रात्री आरसिंकने डेटा लॅबच्या कॉम्प्युटरवर गेला पाहिजे. आणि सगळं नीट चालतंय त्या दिवशीच कार्डाची इमेज काढून दुसऱ्या कार्डावर तयार ठेवा, आणि ते कार्ड एकदा लावून खरंच बूट होतंय का ते बघा. मशीनच्या डब्यात आतून चिकटपट्टीने लावून ठेवलं तरी चालेल. मग कार्ड मेलं तर दहा मिनिटांचं काम. नाहीतर वरातीमागून घोडं!

सबमिशनच्या फाइलमध्ये आपण सेन्सरची डेटाशीट लावतो, सर्किट डायग्राम लावतो. यंदा एक पान वाढवा: रोज किती वेळा लिहितो, लाइट गेली तर काय होतं, किती डेटा गेलेला चालेल. तीनच ओळी. सर-मॅडमनाही एक विनंती, व्हायव्हामध्ये एकदा चालू प्रोजेक्टची वायर खेचून बघा. पुन्हा लावल्यावर जो उठून उभा राहील, त्याला दोन मार्क जास्त द्या!